जांभळाच्या बियांची पूड, बिंबलांचा रस आणि उतरलेली साखर

मालवणजवळच्या एका गावातून एका मुलीने विचारलं आहे: "आई 62 वर्षांची आहे, नऊ वर्षं मधुमेह आहे. रोज ग्लिमेपिराइड 2 मिग्रॅ आणि मेटफॉर्मिन चालू होतं. गेल्या दीड महिन्यापासून ती जांभळाच्या बियांची पूड दोन चमचे घेते आणि सकाळी अनशापोटी पेलाभर बिंबलांचा रस पिते. उपाशीपोटीची साखर 168 होती, ती 141 वर आली. म्हणून तिने गोळ्या निम्म्या केल्या. जेवण मात्र कमी झालंय, मळमळतं, पाय थोडे सुजतात. फळांमधल्या या द्रव्यांनी साखर खरंच उतरते का? गोळ्या पूर्ण बंद करता येतील का? अजून कुठलं फळ द्यावं?"

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी एक काम करा. बिंबलांचा रस आजच बंद करा आणि उद्या सकाळी आईंना घेऊन रक्ताची तपासणी करून या. क्रिएटिनिन (मूत्रपिंडं मंदावली की रक्तात वाढतं ते द्रव्य), युरिया, सोडियम-पोटॅशियम आणि लघवीची साधी तपासणी. मधुमेह नऊ वर्षांचा, रोज अनशापोटी बिंबलांचा रस, आणि आता मळमळ, भूक मंदावणं, पायांवर सूज. हे सगळं एकत्र आलं की मला साखरेच्या आधी मूत्रपिंडांची काळजी वाटते. लघवी कमी झाली असेल, उलट्या होत असतील किंवा धाप लागत असेल, तर उद्याचीही वाट पाहू नका, आजच दवाखाना गाठा.

बिंबलं म्हणजे परसातल्या झाडाच्या खोडालाच घोसाने लगडणारी, बोटाएवढी हिरवी, आंबटढाण फळं. माशाच्या कालवणात दोन-चार पडली तर कुणाला काही होत नाही, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पडत आली आहेत. रसाची गोष्ट वेगळी आहे. या फळात ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य भरपूर असतं. जेवणातून थोडंसं गेलं तर अन्नातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच धरून ठेवतं. अनशापोटी पेलाभर रस गेला तर धरून ठेवायला काहीच नसतं, ते थेट रक्तात जातं आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांमध्ये त्याचे स्फटिक साचतात. केरळमध्ये 2013 साली डॉक्टरांनी अशा दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कोलेस्टेरॉल कमी होतं म्हणून हा रस प्यायलेल्या या माणसांची मूत्रपिंडं अचानक निकामी झाली आणि बहुतेकांना डायलिसिसवर ठेवावं लागलं. पुढे ती सुधारली. म्हणूनच मी घाई करते आहे. वेळेवर थांबलं तर हे परत फिरण्यासारखं असतं.

आता 168 वरून 141. तुम्ही ही चांगली बातमी समजून चालला आहात. कदाचित असेलही. पण मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, घरच्या ग्लुकोमीटरला शंभराच्या वरच्या आकड्यात पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होण्याची मुभा मानकांनीच दिलेली आहे. म्हणजे मीटरने 168 दाखवलं तेव्हा खरा आकडा 147 असू शकतो आणि 141 हा 160 असू शकतो. एकेका मोजणीवरून साखर उतरली की नाही हे ठरवताच येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ग्लिमेपिराइडचा जो अंश शरीरात काम करत राहतो, तो लघवीवाटे बाहेर पडतो. शरीरातलं इन्सुलिनही काही प्रमाणात मूत्रपिंडंच मोडतात. मूत्रपिंडं मंदावली की गोळी आणि इन्सुलिन दोन्ही रक्तात जास्त वेळ रेंगाळतात. त्यात भूक नाही म्हणून जेवण कमी. मग गोळी निम्मी करूनही साखर खाली येते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की पूड लागू पडली. मी तीस वर्षं कुडाळ-कणकवली पट्ट्यात मधुमेहाचे रुग्ण पाहते आहे, आणि "डॉक्टर, माझी साखर आपोआप उतरली, गोळी लागतच नाही" असं आनंदाने सांगणाऱ्या जुन्या मधुमेहींचं क्रिएटिनिन मी सगळ्यात आधी पाहते. कितीतरी वेळा ते वाढलेलं निघालं आहे. तुमच्या आईंचं तसं नसावं, असं मनापासून वाटतं. पण तपासल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. मूत्रपिंडं फार मंदावलेली असतील तर मेटफॉर्मिनही थांबवावं लागतं. तो निर्णय रिपोर्ट पाहून तुमच्या डॉक्टरांनी घ्यायचा, घरी नाही.

आता जांभळाकडे वळते. यात आपल्या माणसांची समजूत खोटी नाही, हे आधी सांगते. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं ते 1922 च्या जानेवारीत, टोरोंटोत. त्याच्या आधी मधुमेहावर हाताशी फारसं काही नव्हतं, आणि त्या काळात जांभळाच्या बिया हिंदुस्थानातून युरोपातल्या औषधांच्या दुकानांपर्यंत पोचल्या होत्या, तिथले डॉक्टर त्या लिहूनही देत. बियांमध्ये एलॅजिक आम्ल, गॅलिक आम्ल, टॅनिन आणि जांबोलिन नावाने जुन्या ग्रंथांत येणारं द्रव्य आहे. गरात अँथोसायनिन असतात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी होते ती त्यांनीच. प्रयोगशाळेत काचनळीत ही द्रव्यं पिष्टमय पदार्थ तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) अडवतात. विकरं अडली की भाताची साखर सावकाश होते आणि जेवणानंतरचा उसळता आकडा थोडा बसतो. बाजारात मिळणाऱ्या अकारबोज आणि व्होग्लिबोज या गोळ्याही याच जागी काम करतात. त्यामुळे कल्पना पोकळ नाही.

खरी अडचण मात्रेची आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत बियांची पूड देत नाहीत, बियांचा अर्क देतात. समजा उंदराला किलोमागे 400 मिग्रॅ अर्क दिला आणि साखर उतरली. उंदराची मात्रा माणसाला लावताना साधारण सहाने भागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज चार ग्रॅमच्या आसपास अर्क आला. समजा बियांतून दहा टक्के अर्क निघतो, तर चार ग्रॅम अर्कासाठी चाळीस ग्रॅम पूड लागेल. सपाट चमचा म्हणजे तीनेक ग्रॅम. तेरा चमचे. कुणी खाईल का रोज? खाल्ली तर बद्धकोष्ठ होईल आणि एवढ्या टॅनिनने जेवणातलं लोहही अंगी लागणार नाही. आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं, त्यामुळे हा मुद्दा मला लहान वाटत नाही. शिवाय एलॅजिक आम्ल रक्तात फारसं शोषलंच जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याचं दुसरं काहीतरी करतात, आणि कुणाच्या आतड्यात ते जिवाणू असतात, कुणाच्या नसतात. एकाच पुडीने शेजारणीला गुण आला आणि आपल्याला नाही, यात नवल नाही.

माणसांवर नीट केलेले प्रयोग थोडे आहेत. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहींना देऊन, दुसऱ्या गटाला ग्लिबेनक्लेमाइड ही साखर उतरवणारी गोळी देऊन तुलना केली गेली. रुग्णाला आणि डॉक्टरला, कुणालाच ठाऊक नव्हतं कोण काय घेतंय. गोळीवाल्यांची साखर उतरली, चहावाल्यांची नाही. ती पानं होती, बिया नव्हत्या, हे मला मान्य आहे. पण तिथेही लोक पिढ्यान् पिढ्या विश्वासाने तो चहा पीत होते, हे ध्यानात घ्या.

मग झाडांतून औषध होतच नाही का? होतं की. तुमच्या आईंच्या मेटफॉर्मिनची वंशावळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका रानटी झुडपाशी पोचते. त्यातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण माणसाला सोसवणारं नव्हतं. त्याच जातीचा, सोसवणारा रेणू शोधण्यात दशकं गेली आणि 1957 मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी तो मधुमेहासाठी पुढे आणला. हल्ली मधुमेहावर लिहून देतात त्या डापाग्लिफ्लोझिनचा पूर्वज सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडला होता, 1835 साली. झाडातलं द्रव्य आणि औषध यांच्यामध्ये एक लांब वाट असते. कोणता रेणू, किती, कुणाला, किती दिवस आणि कुणाला अजिबात नाही, हे त्या वाटेवर कळतं. बरणीतल्या पुडीने ती वाट चाललेली नसते.

बरणीचं म्हणून सांगते. गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या. कॉफीची रिकामी बरणी पदराखालून काढून टेबलावर ठेवली. "गोळी मी सोडूक नाय हां डॉक्टरांनू, पावडर तेच्या वांगडा खातंय." मी झाकण उघडलं. वरची पूड करड्या तपकिरी रंगाची, मोकळी, आणि चमचा खाली घातला तर गठळ्या, त्यांवर पांढरट तंतू आणि ओल्या पोत्यासारखा वास. आजींनी बिया मे महिन्याच्या शेवटी, पाऊस तोंडावर आलेला असताना दोन-तीन उन्हं देऊन दळल्या होत्या. जांभळाची बी वरून सुकलेली दिसते, पण आतली हिरवट दळं ओली राहतात. आपल्या हवेत ती बुरशी धरणारच. अशा बुरशीतलं विष यकृताला लागतं आणि ते दळून, भाजून जात नाही. ज्यांना घरची पूड घ्यायचीच आहे त्यांना मी सांगते, बी वरची साल काढून फोडा, नखाने दाबल्यावर कडकन तुकडा पडेपर्यंत वाळवा, थोडीथोडी दळा आणि पावसाळ्यात जुनी पूड वापरू नका. आजी गोळी घेत होत्या आणि मला न लपवता सांगत होत्या, याचं मला फार बरं वाटलं. पुष्कळजण सांगत नाहीत. डॉक्टर रागावतील म्हणून सांगत नाहीत, आणि तो दोष आम्हा डॉक्टरांचा आहे.

विकतच्या, नाव-पत्ता नसलेल्या "शुगर पावडर"ची भीती मला याहून जास्त वाटते. एका पहाटे घामाने निथळलेले, जीभ जड झालेले एक गृहस्थ आणले होते. साखर 38. घरच्यांच्या मते ते फक्त झाडपाल्याची पूड घेत होते, एकही गोळी नाही. नुसत्या झाडपाल्याने साखर 38 वर जाणं मला पटत नाही. अशा पुड्यांत साखर उतरवणाऱ्या स्वस्तातल्या गोळ्या दळून मिसळल्याचे प्रकार ठिकठिकाणच्या तपासण्यांत उघड झालेले आहेत. ते गृहस्थ ग्लुकोजने शुद्धीवर आले, पण पुढचे दोन दिवस साखर पुन्हा पुन्हा खाली जात होती. पूड दोन दिवसांत इतक्या जोराने लागू पडली तर खूश होऊ नका, ती पाकिटासकट डॉक्टरांना दाखवा.

अजून कुठलं फळ द्यावं, असं तुम्ही विचारलंत. कारल्यापासून सुरू करते, कारण सगळे तेच विचारतात. त्यात चॅरँटिन आणि इन्सुलिनच्या जवळ जाणारं एक प्रथिन आहे. थायलंडमध्ये 2011 साली रोज दोन ग्रॅम कारल्याची पूड देऊन पाहिलं तेव्हा साखर थोडी उतरली, पण एक ग्रॅम मेटफॉर्मिनइतकी नाही. फिलिपिन्समधल्या प्रयोगात एचबीएवनसीत, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीत, ठळक फरक दिसलाच नाही. कारल्याची भाजी खा, हवी तितकी खा. रसाचे पेले नकोत. आणि रस म्हटल्यावर दुधीची आठवण देतेच. दुधी कडू लागला तर एक घोटही घेऊ नका, थुंकून टाका. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत आणि आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनेही हेच बजावलं आहे.

करमळ, म्हणजे कापल्यावर चांदणीसारखी चकती निघते ते फळ, बिंबलाचं भावंडच आहे. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने ते खाऊच नये. त्यातलं एक द्रव्य मेंदूवर परिणाम करतं, निरोगी मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, आजारी टाकू शकत नाहीत. न थांबणारी उचकी ही त्याची पहिली खूण. बारतोंडी, जिला आता नोनी म्हणून महागड्या बाटलीत विकतात, तिच्या रसात पोटॅशियम पुष्कळ. तेही मूत्रपिंडाच्या रुग्णाला नको.

कोकमाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण इथे आपण स्वतःला फसवतो. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, गार्सिनॉल आणि लाल रंग देणारी अँथोसायनिन आहेत, आणि त्यांच्यावर संशोधन चालूच आहे. पण ते पोटात कोणत्या रूपात जातं? अमृत कोकम म्हणजे सालींमध्ये साखर भरून उन्हात ठेवलेलं सरबत. पेल्याच्या तळाशी दोन-तीन चमचे साखर असतेच. "कोकम साखरेला चांगलं" म्हणून दिवसाला दोन पेले अमृत कोकम पिणारे मधुमेही मी दर मे महिन्यात पाहते. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, त्यापेक्षा बरं, त्यात साखर नाही, पण मीठ भरपूर, आणि आईंना रक्तदाब असेल किंवा पायांवर सूज असेल तर तेही सांभाळून. वाळलेली आमसुलं साध्या पाण्यात भिजवून, कुस्करून, जिरं घालून प्यावीत, ते सगळ्यात चांगलं. कोकमाच्या एका भावंडापासून केलेल्या वजन उतरवणाऱ्या गोळ्या दुकानात मिळतात, त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्या घेऊ नका.

सप्तरंगीच्या मुळीबद्दल आमच्या सिंधुदुर्गात बरंच बोललं जातं. त्यात सॅलॅसिनॉल नावाचं द्रव्य आहे, 1997 मध्ये जपानी संशोधकांनी ते वेगळं काढलं, आणि पिष्ट तोडणारी विकरं ते खरोखर जोरात अडवतं. या सगळ्या यादीत शास्त्राच्या दृष्टीने मला सगळ्यात आश्वासक वाटणारी ही वेल. पण मुळी खणली की वेल मेली, आणि कोकणातल्या रानांतून ती झपाट्याने खणली जाते आहे. म्हणून मी ती कुणाला सुचवत नाही.

मी मनापासून सुचवेन तो फणस, आणि तोही कच्चा. आंध्रातल्या श्रीकाकुलमला चाळीस मधुमेहींवर प्रयोग झाला. निम्म्यांनी रोजच्या तांदूळ-गव्हातलं 30 ग्रॅम पीठ काढून तितकंच कच्च्या फणसाचं पीठ घेतलं, बारा आठवडे. त्यांची एचबीएवनसी दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरली. प्रयोग लहान आहे, पण त्यातलं "काढून" हे मला महत्त्वाचं वाटतं. फणस वर घातला नव्हता, भाताच्या जागी घातला होता. भाताचं ताट तसंच ठेवून वर कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी वाढली तर काही होणार नाही. भात अर्धा करून ती जागा भाजीला दिली तर होईल. पिकलेल्या गऱ्यांना आणि आठळ्यांना हे लागू नाही. आणि फणसात पोटॅशियम असतं, म्हणून तुमच्या आईंसाठी हे रिपोर्ट आल्यानंतरच.

जांभळाचा गर मात्र खाऊ द्या, मोसमात, मूठभर. शंभर ग्रॅम जांभळात पिष्ट आणि साखर मिळून चौदा-पंधरा ग्रॅम, म्हणजे मूठभर खाल्ल्याने फार बिघडत नाही. पालघरकडची बहाडोलीची जांभळं टपोरी आणि गोड. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यातूनच "कोकण बहाडोली" हे वाण निवडलं. ती खाताना मूठ लहान धरा.

मूत्रपिंडं ठीक निघाली आणि आईंना पूड घ्यायचीच असली, तर ती लागू पडते का हे घरीच पाहता येईल. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या गोळ्या एकसारख्या ठेवायच्या, त्यांना हात लावायचा नाही. तीन दिवस न्याहारी अगदी सारखी, समजा दोन घावणे आणि चटणी, पुडीशिवाय. खाण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहायची. पुढचे तीन दिवस तीच न्याहारी, तेवढीच, आधी एक चमचा पूड. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतला फरक पाहायचा. तिन्ही दिवस फरक वीस-पंचवीसने कमी आला तर पूड काहीतरी करते आहे. आला नाही तर बरणी ठेवून द्या. यात साखर 70 च्या खाली गेली किंवा हातपाय थरथरले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, आणि ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायला डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा. पूड कितीही लागू पडली तरी गोळी कमी करायची ती तीन महिन्यांच्या एचबीएवनसीवर, कारण लाल पेशी साधारण 120 दिवस जगते आणि तेवढ्या काळाची साखर ती वागवते.

घरात कुणी लहान किंवा तरुण, सुरुवातीपासून इन्सुलिनवर असलेलं माणूस असेल, तर हे काहीच त्याच्यासाठी नाही. त्याचं इन्सुलिन एक दिवसही थांबता कामा नये.

आईंना रागावू नका. त्यांनी पेला उचलला तो बरं व्हावं म्हणूनच. उद्या जाताना पुडीची बरणी, रसाला वापरलेली चार बिंबलं आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून सोबत न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडा. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे आकडे आले की मला लिहून कळवा, पुडीचं आणि फणसाचं आपण त्यानंतर ठरवू.